रटौलचं ताट

कोरंगी, कराची
२० मे १९९५

आपा,

सलाम. आधी तुमच्या गुडघ्यांची खुशाली कळवा, मग बाकीचं.

आज गल्लीत यंदाचे पहिले फालसे आले. गाडीवाला बेधडक ओरडत होता, "शुजाबादचे, शुजाबादचे!" मी म्हटलं, "अरे, मी शुजाबादची आहे. तिथला फालसा सकाळी तोडला तर संध्याकाळी त्याचं पाणी होतं, तो कराचीला कधी पोचायचा?" तर म्हणतो, "खाला, तुम्ही पोचलात ना? मग तोही पोचला." अशा तोंडाळ माणसाकडून पाव किलो घेतले नाहीत तर काय करणार!

घरी आणून धुतले, अम्मांचं ताट लावलं, फातेहा दिली, शेजारच्या पोरांना वाटले आणि मगच एक जिभेवर ठेवला. हे बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "तुमच्या माहेरची अजब रीत. नवं फळ आधी मेलेल्यांना, जिवंतांना उरलंसुरलं." मी म्हटलं, "अम्मांचे फालसे, अब्बांचं खरबूज, आमच्या मेहुण्यांची, दूल्हाभाईंची जांभळं. तुम्हीही आत्ताच सांगून ठेवा तुमच्या नावाने काय ठेवायचं ते." तर म्हणतात, "कलिंगड. आणि फोड जरा मोठी काप, नेहमीसारखी हात आखडून नको." हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अम्मा फालशांचं सरबत गाळायच्या तेव्हा त्यांची ओढणी जांभळी व्हायची, आठवतं ना?

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते लिहिते. तीनदा कागद बाजूला ठेवून झाला आहे. आपा, रागावू नका.

यांचा पुतण्या वकार तुम्ही पाहिला आहे. मलीरमध्ये त्याचं शिलाई मशिनं दुरुस्त करायचं दुकान आहे. बायको बाळंतपणात गेली, एक मुलगा आहे. शांत माणूस. त्याने स्वतःहून यांना विचारलं की तुमच्या सुनेशी, शमीलाशी, त्याच्या निकाहाचं काही जमेल का. तिच्या सदफला तो आपली म्हणून वाढवील.

तौकीर माझ्या दारातून गेला, आपा. महिनाभर माझ्या हातची रोटी खाल्ली आणि त्या लाँचवर चढला. लाँच मस्कतला पोचली नाही, एवढंच आपल्याला कळलं. याला आता चौथा उन्हाळा. शमीलाचं वय काय, तेवीस? तिला माहेर म्हणावं तर एक भाऊ, तोही ईदला साधी चिठ्ठी टाकत नाही. तिचं काय करायचं, हे आपणच बघायला हवं ना?

विचार करा. लगेच नाही म्हणू नका.

तुमची
कुद्दो


शुजाबाद
३ जून १९९५

कुद्दो,

दुआ. माझे गुडघे आहेत तिथेच आहेत. तुझी जीभ मात्र जागेवर नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

माझा मुलगा तुझ्या दारातून गेला, आणि आता त्याची बायकोही तुझ्याच दारातून पाठवायची म्हणतेस? आणि माझी नातही? एवढंच मोठं दार असेल तर मलाही घेऊन जा आणि या घराला कुलूप घाल.

तौकीर जिवंत आहे. आईचं मन सांगतं. कुठल्या तरी परदेशी तुरुंगात असेल, कागद नसतील, पत्र टाकू देत नसतील. बाजारपेठेतल्या शिंप्याचा मुलगा सात वर्षांनी परत नाही आला? परवाच्या बकरीईदला शेजारीण मला शहाणपण शिकवायला आली. म्हणे, "आता तौकीरच्याही नावाने एक ताट ठेवत जा." मी तिला तिच्या पराठ्यांसकट उंबऱ्याबाहेर काढलं. जिवंत माणसाच्या नावाने कुणी फातेहा देतं का?

तुला ठाऊक आहे, त्याचं फळ म्हणजे अन्वर रटौल. आमची दोघांची दर उन्हाळ्यात त्यावरून जुंपायची. मी म्हणायची, आंबा म्हणजे चौंसा, हातात घेतला तर हात भरला पाहिजे. तो म्हणायचा, "अम्मी, तुम्ही आंबा खात नाही, तोलता. एकदा रटौल चाखून तर बघा." मी मुद्दाम चाखला नाही. उभ्या जन्मात नाही. तो बादलीत बर्फ टाकून पंधरा-वीस रटौल घेऊन बसायचा आणि माझ्या नाकासमोर एकेक चोखायचा. मी तोंड फिरवून घ्यायची. आता मी ठरवलं आहे की तो उंबरा ओलांडून आत येईपर्यंत रटौल या घरात येणार नाही. शमीलालाही ते माहीत आहे. सदफने अजून त्याची चव पाहिलेली नाही.

शमीला नीट आहे. ईदला मी तिला हिरव्या बांगड्या भरल्या. सवाष्णीचे हात भरलेलेच हवेत.

लू भयंकर सुटली आहे. बागेच्या ठेकेदाराची माणसं झाडाखाली पडून असतात, पोपट वरून आंबे पाडतात. यंदा जांभूळ लवकर येईल. तुझ्या दूल्हाभाईंचं ताट लावीन तेव्हा तुझ्यासाठीही दुआ मागेन, म्हणजे तुला जरा अक्कल येईल.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, कुद्दो. हा विषय पुन्हा काढू नकोस.

मुख्तार


कोरंगी, कराची
२४ जून १९९५

आपा,

तुमचं पत्र यांनी मोठ्याने वाचलं. "उचलली जीभ" पर्यंत हसले. मग कागद माझ्या हातात देऊन बाहेर गेले.

माफ करा. पण विषय काढते. तुम्ही मोठ्या, शिव्या द्यायचा हक्क तुमचा. ऐकून घ्यायचा माझा.

तौकीर आला तर मी अनवाणी शुजाबादपर्यंत चालत येईन. माझ्याकडे त्याचा एक शर्ट राहिला आहे, अजून इस्त्री करून ठेवते. म्हणजे मलाही आशा नाही असं समजू नका. पण आपा, आशा आपण दोघी म्हाताऱ्या करू. तिला का करायला लावायची? गेल्या ईदला मी आले होते, तेव्हा ती अंगणात भांडी घासत होती आणि त्या बांगड्या पाण्यात वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत वर सारून ठेवल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "फुटतील, खाला." ती फुटायला भीत होती की वाजायला, मला कळलं नाही.

तुम्हीही इकडेच या. माझ्या घरात एक खोली मोकळी आहे. मलीर जवळ आहे, रोज नात भेटेल.

वकारची आई दुसरीकडे बघू लागली आहे. तो थांबला आहे, पण पुरुषाचं थांबणं किती दिवसांचं?

आमच्याकडे सिंधडी आंबा सुरू झाला. गोड आहे, पण मला बाई आपल्या मुलतानकडच्या आंब्याचीच सवय. जांभळं आली का?

कुद्दो


शुजाबाद
८ जुलै १९९५

आदरणीय खालाजान,

आदाब. हे पत्र मी शेजारच्या शाळेतल्या बाईंच्या हाती टाकायला देते आहे. अम्मींना माहीत नाही. चोरून लिहायची सवय नाही. अक्षर समजून घ्या.

तुमचं आणि अम्मींचं कशावरून बिनसलं ते मला कळलं. अम्मी पत्र वाचून झालं की उशीखाली ठेवतात आणि उशी मीच झटकते. वकारसाहेबांबद्दल वाचलं. मला आधी लाज वाटली, मग राग आला, मग रडू आलं. कशाचं काय ते विचारू नका.

खालाजान, मी खरं लिहिते. मी वाट बघून थकले आहे. लोक मला तौकीरची बायको म्हणतात, पण त्यांचा चेहरा आठवायला आता मला फोटो बघावा लागतो. एवढं मात्र विसरले नाही की ते आंबा खाऊन झाल्यावर हात धुवायचे नाहीत, माझ्या ओढणीला पुसायचे. मी ओरडायची. आता ओढणी स्वच्छ असते.

पण मी अम्मींना सोडून जाणार नाही. माझी आई मी लहान असताना गेली. सदफच्या वेळी मला ताप आला होता, तेव्हा अम्मींनी रात्र रात्र बसून माझे पाय चोळले होते. त्या म्हणतात की ते जिवंत आहेत. मी दुसऱ्या घरी जायला हो म्हटलं तर मी माझ्याच तोंडाने त्यांना मारल्यासारखं होईल. अम्मी स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या, "शमीला, तो गेला," तर गोष्ट वेगळी. त्या कधी म्हणणार नाहीत. म्हणून वकारसाहेबांना सांगा की त्यांनी थांबू नये.

अम्मींची तब्येत बरी आहे. परवा अब्बाजींच्या जांभळांचं ताट मशिदीत दिलं. ते द्यायला मी गेले होते तेव्हा एक गंमत झाली. अजान देणाऱ्या हाफिजसाहेबांच्या बीबी मला म्हणाल्या, "तुमच्या घरचं रटौलचं ताट यंदाही सगळ्यांच्या आधी आलं. आणि नेहमीप्रमाणे एकही फळ डागी नाही. अल्ला त्या जाणाऱ्याला जन्नत देवो." मी म्हटलं, "बीबी, आमच्या घरी रटौल येतच नाहीत, दुसऱ्या कुणाचं असेल." त्या गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. आता त्यांचं वय झालं, माणसं चुकतात. अम्मींना सांगितलं तर त्या हसल्याही नाहीत. त्यांना त्या दिवशी गुडघे फार दुखत होते.

सदफ तुम्हाला पापा पाठवते. ती जांभळं खाऊन सगळ्यांना जीभ दाखवत फिरते.

तुमची
शमीला


कोरंगी, कराची
१६ जुलै १९९५

आपा,

एकच गोष्ट विचारते.

मशिदीत रटौलचं ताट कुणाच्या नावाने गेलं?

अम्मांना आंब्याने तोंड यायचं. अब्बा रटौलला आंबा मानायचेच नाहीत, "ही तर आंब्याची पिल्लं" म्हणायचे. दूल्हाभाईंना खोकला व्हायचा. आपल्या घरात रटौल खाणारा एकच होता. आणि जिवंत माणसाच्या नावाने फातेहा देत नाहीत, हे तुम्हीच मला जूनमध्ये लिहिलंत.

हाफिजसाहेबांची बायको म्हातारी आहे, आपा, पण दरवर्षी ताट कुणाच्या घरून येतं हे ती चुकायची नाही.

तुम्हाला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे?

मी रडते आहे म्हणून अक्षर पसरलं. तो माझाही होता.

कुद्दो


शुजाबाद
१९ सप्टेंबर १९९५

कुद्दो,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. तू पुढे दोन तारा केल्यास, त्यांनाही मी उत्तर दिलं नाही. आता लिहिते. कुणाला दाखवू नकोस असं म्हणणार नाही. दाखव.

तो गेला त्याच्या पुढल्या वर्षीचा उन्हाळा. शमीला सदफला घेऊन भावाकडे गेली होती. खरबुजांचे दिवस. मी अब्बांच्या ताटासाठी खरबूज कापत होते, तेव्हा दारात एक माणूस आला. लोधरानकडचा, वाळलेला, दाढी वाढलेली. त्याच लाँचवर होता. बुडणाऱ्यांतल्या काहींना मच्छीमारांनी काढलं, त्यांत तो होता. मग वर्षभर तुरुंगात काढून सुटला आणि स्वतःच्या घरी जायच्या आधी माझ्याकडे आला. म्हणाला, "माँजी, मकरानच्या किनाऱ्यावर काही जण लागले. तौकीर त्यांत होता. मी स्वतः माती दिली." मी म्हटलं, खोटं बोलतोस. तर त्याने खिशातून तावीज काढून माझ्या हातावर ठेवला. मीच शिवला होता तो, काळ्या कापडात, वरून लाल दोरा. गाठ माझीच होती.

मी त्याला खरबूज खायला दिलं, कुद्दो. तो पोटभर खाऊन गेला. मी तावीज पिठाच्या डब्यात खाली ठेवला आणि शमीला आल्यावर तिला विचारलं, प्रवास कसा झाला.

का सांगितलं नाही? आधी वाटलं, चार दिवसांनी सांगू. पोर दमून आली आहे. मग एके सकाळी सदफ माझ्या ओढणीला धरून पहिल्यांदा उभी राहिली. कुद्दो, तिची हनुवटी त्याची आहे. मी मनात म्हटलं, ज्या दिवशी मी तोंड उघडीन त्या दिवशी या दोघी माझ्या राहणार नाहीत. शमीला तरुण आहे, इद्दतीचे चार महिने दहा दिवस थांबेल, मग कुणी ना कुणी येईल. आणि मी या अंगणात चुलीसमोर एकटी बसेन, रोटी करीन तर एकच. मला भीती वाटली. मुलगा गेल्याचं दुःख मी गिळलं ते या भीतीने. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशी मी वर्षं काढली. तिला दर ईदला बांगड्या भरत राहिले.

पण त्याला उपाशी कसं ठेवू? सगळ्यांचं फळ येतं, सगळ्यांचं ताट लागतं, आणि माझ्या लेकराचं लागू नये? म्हणून रटौलचा पहिला पाड बाजारात आला की मी औषधाचं निमित्त काढून जायची, दुकानदाराकडूनच ताट भरून घ्यायची आणि परस्पर मशिदीत द्यायची. नाव मनातल्या मनात घ्यायची. घरी येताना हात नळावर धुवायची, वास येऊ नये म्हणून.

तुझं पत्र आलं आणि मला वाटलं, सुटले. तरी तोंड उघडेना. गेल्या महिन्याअखेरीस एका गुरुवारी सकाळी शमीला धान्य निवडत होती. मी एक रिकामं ताट तिच्यासमोर ठेवलं. रटौलचा मोसम कधीच संपला होता, ठेवायला काही नव्हतं. त्यात तावीज ठेवला आणि म्हटलं, "शमीला, तो गेला."

तिने तावीज ओळखला. विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, सदफ उभी राहायला लागली तेव्हापासून. तिने एकेक बांगडी उतरवून ताटात ठेवली, फोडली नाही. मग उठून धान्य दळायला दिलं, स्वयंपाक केला, मला वाढलं. पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मला वाटायचं तिने ओरडावं, ताट भिरकावून द्यावं. परवा माझ्या गुडघ्यांना तेल लावता लावता एवढंच म्हणाली, "अम्मी, तुम्ही इतकी वर्षं एकट्याच रडलात. रडायला मलाही सोबत घ्यायचं होतंत."

कुद्दो, मला तेव्हा कळलं मी तिचं काय काय चोरलं.

मौलवीसाहेब म्हणाले, नवरा गेला त्या दिवसापासून इद्दत मोजायची, म्हणजे ती कधीच सरली. तू वकारला लिही. तो थांबला असेल तर त्याचे उपकार. मी तुझ्याकडे राहायला येणार नाही. मला या घरात त्याचं ताट लावायचं आहे.

मुख्तार


कोरंगी, कराची
२८ मे १९९६

आपा,

सलाम. डिसेंबरात निकाह झाला तेव्हा तुम्ही शमीलाला स्वतःच्या हाताने गाडीत बसवलंत आणि डब्याकडे पाठ करून उभ्या राहिलात. ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. सदफ खिडकीतून "दादी" म्हणून हाका मारत होती. तुम्ही वळला नाहीत. मी तेव्हा मनात तुम्हाला कठोर म्हटलं. घरी येऊन कळलं की तुम्ही वळला असतात तर गाडी सुटली नसती.

तुम्ही विचारत नाही, तरी सांगते. शमीला बरी आहे. वकार चांगला माणूस निघाला. तिच्यासाठी पायमशीन आणून दिलं, ती शेजारणींचे कपडे शिवते. त्याचा मुलगा आणि सदफ दिवसभर भांडतात आणि रात्री एकाच गोधडीत झोपतात. सदफ वकारला अब्बू म्हणू लागली. कुणी शिकवलं नाही. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा शमीला उठून आत गेली.

एक गोष्ट मात्र आहे. वकारची आई स्वभावाने वाईट नाही, पण त्या घरात तौकीरचं नाव काढलेलं तिला चालत नाही. म्हणते, "नव्या संसारात जुन्याचं नाव घेतलं की दृष्ट लागते." मी शमीलाच्या बाजूने बोलायला गेले, तर तिनेच मला हाताने थांबवलं.

काल फालसे घेऊन तिच्याकडे गेले होते. अम्मांची फातेहा मी तिच्याच घरी दिली. ती बाजूला बसली होती. ताट उचलताना हळूच म्हणाली, "खाला, रटौल यायला अजून महिना आहे ना?" आणि सरबत करायला उठली.

तुम्ही जेवता ना नीट? यांनी विचारलंय, तुमचा राग अजून आहे का, म्हणजे ते तुम्हाला घाबरून पत्र लिहीत नाहीत ते लिहितील.

कुद्दो


शुजाबाद
९ जुलै १९९६

कुद्दो,

दुआ. तुझ्या नवऱ्याला सांग, माझा राग संपला आहे, पण त्याने पत्र लिहू नये. त्याचं अक्षर वाचण्यापेक्षा राग बरा.

एकच रोटी करते. पहिले काही महिने हात सवयीने तीन गोळे करायचा. आता एकच करतो. घर फार मोठं वाटतं. खोटं कशाला लिहू, कधी कधी वाटतं की गप्प राहिले असते तर आज सदफ इथे असती. मग माझीच मला लाज वाटते. दोन्ही वाटतं, आणि दोन्ही खरं आहे.

रटौल बाजारात येऊन दहा-बारा दिवस झाले होते. मी गेले नव्हते. कुणापासून लपवायचं उरलं नव्हतं, तरी पाय निघेना. या वर्षी त्याचं ताट घरात, उघड्यावर लावायचं आणि शेजाऱ्यांनी विचारलं की सांगायचं, एवढं धैर्य गोळा करत होते.

काल दुपारी अच्छू ड्रायव्हर दारात आला. तोच, ठेकेदाराच्या आंब्याच्या पेट्या ट्रकने कराचीला नेतो तो. जाताना भरलेला जातो, येताना रिकामा. हातात एक गाठोडं. हसत म्हणाला, "चाची, उलटी गंगा बघितलीत का? इथले आंबे मी कराचीला टाकून आलो आणि मलीरच्या एका बाईने त्यातलेच विकत घेऊन मला परत इकडे द्यायला दिले. म्हटलं, बाई, शुजाबादला आंबे नेऊ? लोक मला वेडा म्हणतील." मी गाठोडं ओळखलं. सदफचा पिवळा फ्रॉक होता, मीच शिवलेला. आता तिला आखूड होत असेल. सोडलं तर आत रटौल. उन्हात दोनदा प्रवास करून आलेले, काही काळे पडलेले, दोन-तीन फुटून फ्रॉकला चिकटलेले.

मी विचारलं, "काही म्हणाली का ती?" अच्छूने डोकं खाजवलं. म्हणाला, "हां, एक निरोप आहे, मला काही कळला नाही. म्हणाली, अम्मींना सांग, मी इथे घेऊ शकत नाही, तुम्ही नाव मोठ्याने घ्या."

तो बिचारा घाबरला, कुद्दो. मी दारातच खाली बसले.

संध्याकाळी मी अंगणात चटई टाकली. गेल्या वर्षी ज्या शेजारणीला उंबऱ्याबाहेर काढलं होतं, तिला मीच बोलवायला गेले. ती आली, पराठे घेऊन आली. हाफिजसाहेब आले, त्यांची बायको आली. काळे पडलेले बाजूला काढू लागले तर त्या म्हणाल्या, "राहू दे, हे लांबून आले आहेत." तसेच सगळे ताटात ठेवले, फुटलेलेसुद्धा. आणि मी नाव घेतलं. तौकीर अहमद. सगळ्यांसमोर, मोठ्याने. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. शेजारीण रडली, मीही रडले, मन भरेपर्यंत. इतकी वर्षं मी तोंडात ओढणी कोंबून रडत होते.

मग सगळ्यांना वाटले. माझ्या वाट्याला एक राहिला, त्यातल्या त्यात धड. तुला माहीत आहे, मी उभ्या जन्मात रटौल चाखला नव्हता. त्याच्या नावाने तीन ताटं दिली तीही न चाखता. काल तो बर्फाच्या पाण्यात घातला, तो करायचा तसा. दाबून मऊ केला, देठ काढला आणि चोखला.

कुद्दो, तो म्हणायचा तेच खरं होतं. चौंसा त्याच्या जवळपासही येत नाही. आता मी हे कुणाला सांगू?

शमीलाला एवढा निरोप दे की आंबे पोचले. फ्रॉक मी धुऊन ठेवला आहे, तो परत मागू नकोस म्हणावं.

मुख्तार